करकोचा कुठे बघतो?

राष्ट्रचिन्हावरचा करकोचा डावीकडे बघतो. नाण्यावर, टपालाच्या तिकिटावर, पोलिसांच्या टोपीवर, सगळीकडे डावीकडेच. चाळीस वर्षांपूर्वी, शाळेत शिकवता शिकवता संशोधन करणाऱ्या एका तरुण इतिहासकाराने जुन्या राजमुद्रेवरून त्याचं चित्र काढलं आणि समितीने ते मान्य केलं. संग्रहालयाने त्या मुद्रेची पितळी प्रतिकृती त्याला, म्हणजे आजच्या सरांना, भेट दिली. तेव्हापासून ती त्यांच्या टेबलावर कागद दाबून बसली होती.

एके दिवशी तिची मूठ निखळली. सर ती घेऊन कोपऱ्यावरच्या शिक्केवाल्याकडे गेले. त्याने मूठ घट्ट बसवली आणि हाताच्या सवयीने मुद्रा शाईवर टेकवून रद्दी कागदावर उमटवली.

करकोचा उजवीकडे बघत होता.

"झकास उठलाय," शिक्केवाला म्हणाला.

"अहो, हा उलटा आहे."

"कागदावरचा सुलटाच असतो, सर. उलटा असतो तो शिक्क्यावर. आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात हे. चुकलं की कानफटीत."

सरांनी नकळत कान चोळला. चित्र त्यांनी मुद्रेकडे बघून जसंच्या तसं काढलं होतं. मुद्रेवर एकही अक्षर नव्हतं, नाहीतर ते उलटं दिसून तेव्हाच लक्षात आलं असतं. ती उमटवून बघायचं मात्र राहूनच गेलं. वर, 'करकोचा आल्या वाटेकडे बघतो, आणि नकाशात डावीकडे पश्चिम, म्हणजे आपले पूर्वज पश्चिमेकडून आले,' असा सिद्धान्तही ते ठोकून बसले होते.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे चाळीस वर्षं पूर्वज बिचारे उलट्या वाटेने चालतायत."

"हसू नकोस. उद्या चौथीच्या पुस्तकासाठी धडा द्यायचाय, राष्ट्रचिन्हाचा. खाली माझं नाव येणार. खरं लिहिलं तर आयुष्यभराची अब्रू जाईल. नाही लिहिलं तर कुणाला कळणारही नाही."

"तुम्हाला कळलंय ना? वर्गात पाढा चुकला की पोरांना सगळ्यांसमोर परत म्हणायला लावायचात. त्यांना नसेल लाज वाटली?"

"वाटायची. पण मग पाढा पाठ व्हायचा."

बोलता बोलता सरांनी धडा पुढ्यात ओढला. मग त्यांनी धड्याचं शेवटचं पान खोडलं आणि नव्याने लिहिलं: 'मोठ्यांकडून एक बटाटा अर्धा कापून घ्या. त्यावर डावीकडे बघणारा पक्षी कोरा. रंग लावून कागदावर उमटवा. आता सांगा, राष्ट्रचिन्ह काढणारा कुठे चुकला?'

दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला. "सर, हे असंच छापायचं? निदान तुमचं नाव तरी काढतो."

"नाव राहू द्या. कोण चुकलं तेही मुलांना कळायला हवं."

पुस्तक आलं. पेपरात चार दिवस सरांची थट्टा झाली, एकाने तर त्यांचंच चित्र उलटं छापलं. पाचव्या दिवशी जवळच्या शाळेने त्यांना बोलावलं. चौथीच्या वर्गात बाकांवर, वह्यांवर, एकाच्या नाकावरसुद्धा निळे करकोचे उमटले होते, आणि सगळे उजवीकडे बघत होते.

"मग आता नाणी बदलणार?" एका मुलीने विचारलं.

"ते मोठ्यांनी ठरवायचं. तुम्ही मोठे होईपर्यंत ठरलं नाही, तर तुम्ही ठरवा."

"आणि पूर्वज? ते कुठून आले?"

सरांनी खडू उचलला आणि परत ठेवला. "माहीत नाही, बाळा. मला वाटलं होतं, माहीत आहे. कोण शोधणार?"

शाईने माखलेले हात भराभर वर गेले. त्यातल्या एकात अजून बटाटा होता.