जन्मगाव देवास

भगवंतराव खंडव्यात वकिली करत, पण घर कुठलं विचारलं तर देवासचं सांगत. देवास संस्थानात त्यांचे थोरले भाऊ बळवंतराव दरबारच्या कचेरीत कारकून होते. भगवंतरावांच्या जन्मानंतर आठवड्याच्या आतच आई गेली होती. धाकट्याला थोरल्यानंच कडेवर घेऊन वाढवलं.

१९२० साली राज्यकारभाराच्या नव्या सुधारणा आल्या. नागपूरच्या कौन्सिलात आता लोकांनी निवडलेली माणसं जास्त बसणार होती. काँग्रेसनं बहिष्कार घातला होता आणि मित्रही म्हणत होते, या फंदात पडू नका. पण भगवंतरावांच्या मनातून एक पक्षकार जात नव्हता. साहेबाच्या दौऱ्यासाठी त्या गाडीवाल्याला बेगारीत धरून नेलं होतं आणि वाटेत त्याचा बैल मेला होता. कोर्टात दाद मागायला गेले, तर कायद्यात त्याला कुठं जागाच सापडली नाही. कायदा जिथं होतो तिथंच जाऊन बोललं पाहिजे, हे तेव्हापासून त्यांनी धरून ठेवलं होतं. त्यांनी उमेदवारी अर्ज भरला.

समोर शालिग्राम नावाचे मालगुजार, मोठे जमीनदार, उभे होते. त्यांच्या वकिलानं हरकत घेतली, की भगवंतराव संस्थानी प्रजा आहेत आणि संस्थानी प्रजेला इंग्रजी मुलखाच्या कौन्सिलात बसता येत नाही. इंग्रजी हद्दीत जन्म झाल्याचं दाखवलं तरच अर्ज टिकणार होता.

आईचं माहेर खंडव्याचं, म्हणजे इंग्रजी हद्दीतलं. बाळंतपणाला बायका माहेरी जातातच, तेव्हा आपण खंडव्यात जन्मलो म्हटलं तर कुणाला खोटं वाटणार नाही, हे भगवंतरावांच्या ध्यानात आलं. ते देवासला गेले आणि भावाला साक्षीला चला म्हणाले. बळवंतरावांनी पत्नीला, सगुणाबाईंना, प्रवासाचे कपडे काढायला सांगितले.

इंदूरपर्यंत टांगा आणि पुढे रेल्वे, असे दोघे खंडव्याला आले. वाटेत भगवंतराव त्यांना काय बोलायचं ते समजावत होते. बळवंतराव मान हलवत होते.

कचेरीत गर्दी होती. तपासणी करणारा इंग्रज अधिकारी सौम्य माणूस होता. बळवंतरावांना त्यानं खुर्ची दिली. शपथ झाल्यावर त्यानं विचारलं, धाकट्या भावाच्या जन्माच्या वेळी आई कुठं होती?

बळवंतरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दुभाष्याला वाटलं, प्रश्न कळला नाही. त्यानं तो पुन्हा सांगितला.

"देवासला," बळवंतराव म्हणाले. "खंडव्याला न्यायला मामा गाडी घेऊन आले होते. पण मला देवी आल्या होत्या, अंगभर. आई मला टाकून गेली नाही. मामांना तिनं दारातूनच परत पाठवलं. भगवंता तिथंच झाला, माझ्या खाटेशेजारी." थोडं थांबून ते म्हणाले, "ती माहेरी गेली नाही, साहेब. गेली असं मला म्हणवत नाही."

अर्ज फेटाळला गेला. शालिग्राम बिनविरोध निवडून आले.

स्टेशनवर दोघे बाकावर बसले होते. बळवंतराव हळूच म्हणाले, की ओठावर आलं होतं रे, पण आवाजच फुटला नाही. भगवंतरावांना राग धरायचा नव्हता, पण भावाकडे पाहणंही जमत नव्हतं.

"तुम्ही खरं तेच बोललात, दादा," ते म्हणाले. गाडी आली तेव्हा त्यांनी भावाला वाकून नमस्कार केला आणि ती सुटायच्या आधीच ते फलाटावरून निघून गेले.

त्या वर्षी दिवाळीला ते देवासला गेले नाहीत. संक्रांतीचा तिळगूळ टपालानं आला. त्याची पोच त्यांनी दिली नाही.

पुढच्या फेब्रुवारीत सरकारला सल्ला द्यायला दिल्लीला राजेलोकांचं मंडळ पहिल्यांदाच भरलं. देवासात दिवे लागले, पेढे वाटले गेले. कचेरीत सगळे खुशीत असताना बळवंतराव वरिष्ठांपुढं जाऊन उभे राहिले. उभ्या नोकरीत त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. ते म्हणाले, की राजांना दिल्लीत जागा मिळाली, फार चांगलं झालं. आता प्रजेलाही इथं चार माणसं बसवायला जागा मिळावी. इथल्या माणसाला तिकडं बसू देत नाहीत, तर त्यानं बोलावं कुठं?

वरिष्ठ रागावले नाहीत, हसले. "बळवंतराव, उमर हो गई आपकी," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. आजूबाजूचेही हसले.

दुसऱ्या दिवसापासून बळवंतराव कचेरीत गेले नाहीत. अन्नपाणी तुटलं. चैत्रात त्यांना अर्धांगाचा झटका आला. धाकट्याला कळवू नका, असं त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, पण सगुणाबाईंनी शेवटी तार केलीच.

भगवंतराव आले तेव्हा भावाची वाचा गेलेली होती. झालेलं सगळं वहिनींनी सांगितलं, कचेरीतल्या हसण्यासकट. ते खाटेशी बसले आणि भावाचा हात हातात घेऊन बोलत राहिले. माझंच चुकलं, दादा, मी तुम्हाला तिथं न्यायलाच नको होतं, असं पुन्हा पुन्हा म्हणाले. बळवंतराव त्यांच्याकडे बघत होते. त्यांना कळलं की नाही, कुणालाच सांगता आलं नाही. अक्षय्य तृतीयेच्या आधीच बळवंतराव गेले.

दिवस झाल्यावर सगुणाबाई माहेरी, धारला, निघाल्या. त्यांना पोचवायला भगवंतराव सोबत होते. वाटेत एका विहिरीपाशी बैल सोडले, तेव्हा सगुणाबाईंनी विचारलं, "भावोजी, त्या कौन्सिलात असतं तरी काय?"

"तिथं माणूस उभा राहून बोलतो, वहिनी. आणि सरकारला ते ऐकून घ्यावं लागतं."

सगुणाबाईंनी त्यावर थोडा विचार केला.

"मग हे बोलले ते बरोबरच होतं," त्या म्हणाल्या. "ऐकणारं तेवढं कुणी नव्हतं."

गाडीवाल्यानं बैलांना पाणी पाजलं, जू चढवलं, आणि ती दोघं धारच्या वाटेला लागली.