कौसल्याबाईंनी मांडलेला ठराव

शेताकडं जाणाऱ्या पाणंदीच्या तोंडाशी काटेरी तार मारलेली दिसली, तेव्हा कौसल्याबाईंना वाटलं, कुणाच्या तरी शेरडांसाठी असेल. दुपारी पेरू भरून बारामतीला न्यायला टेम्पो आला आणि तारेपाशीच थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "काकू, रस्ता बंद केलाय की ओ!"

बंद? लग्न होऊन आल्यापासून चाळीस वर्षं त्याच पाणंदीनं त्या शेतात जात होत्या. दुसरी वाट कॅनॉलच्या भरावावरून, तीही एका माणसापुरती. दीड एकर पेरू तोडणीला आलेला, नवरा दत्तोबा गुडघ्यानं अधू, आणि साठीच्या बाईनं आता डोक्यावरून क्रेट वाहायचे!

त्या तडक ग्रामपंचायतीत गेल्या. बावड्याच्या पलीकडचं एवढंसं गाव, पण ग्रामसेवकाला काचेची केबिन. गाव त्याला भाऊसाहेब म्हणतं. मोबाइलवरची नजर न उचलता भाऊसाहेब म्हणाले, "ग्रामसभेचा ठराव झालाय, काकू."

"कवा झाला? कुनी मांडला?"

"ते वहीत आहे."

"मग दावा की वही."

"अशी दाखवता येत नाही. अर्ज करा."

ग्रामसभा म्हणे सगळ्या गावाची. आणि गावानं काय ठरवलं हे गावातल्याच बाईनं विचारलं, तर अर्ज करा! बोला आता.

अर्ज केला. सून अनिता लोणी देवकरच्या कंपनीत कामाला. तिनं सुट्टीच्या दिवशी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला, दहा रुपयांचं तिकीट लावलं. पहिल्या खेपेला भाऊसाहेब म्हणाले, तिकीट चुकीच्या जागी लावलंय. दुसऱ्या खेपेला शिक्का सापडेना. तिसऱ्या खेपेला भाऊसाहेबच सापडेनात, इंदापूरला मीटिंग. चौथ्या खेपेला कौसल्याबाईंनी केबिनच्या दारातच बैठक मारली आणि पोच हातात पडेपर्यंत उठल्या नाहीत.

मग महिना गेला. रोज सकाळी त्या एकेक क्रेट डोक्यावर घेऊन भरावावरून चालायच्या. चार-पाच खेपांत मान धरायची. उरलेला पेरू झाडाखाली पडून सडत होता. येता-जाता तार दिसली की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एप्रिलात ग्रामपंचायतीचं रजिस्टर पत्र आलं. अनितानं ते वाचलं, परत वाचलं, आणि हसावं का रडावं हे तिला कळेना.

"आई, अर्जदारानं मागितलेल्या माहितीत दुसऱ्या एका व्यक्तीचं नाव हाय म्हनं. त्या व्यक्तीची माहिती द्यायला हरकत हाय का, ते दहा दिवसांत कळवायचंय."

"मग इचारा की त्या व्यक्तीला! मला कशाला धाडलंय?"

"ती व्यक्ती तुमीच हाय. सौ. कौसल्या दत्तोबा व्यवहारे. ठराव तुमीच मांडलाय, आई."

कौसल्याबाईंनी पत्र हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. दत्तोबा बाजेवरून म्हणाले, "अगं, आपलीच वाट बंद करायची हुती तर मला एका शब्दानं सांगायचंस तरी."

"तुमी गप बसा!"

कौसल्याची कौसल्याला काही हरकत नाही, असं लेखी दिलं. तेव्हा कुठं नक्कल मिळाली. तेवीस जानेवारीची महिला ग्रामसभा. पाणंदीवर टवाळखोर बसतात, सबब महिलांच्या सुरक्षिततेसाठी ती बंद करावी. सूचक सौ. कौसल्या व्यवहारे, सर्वानुमते मंजूर. खाली बासष्ट बायकांच्या सह्या, आणि त्यांत कौसल्याबाईंची, अगदी खरीखुरी.

तेवीस जानेवारी म्हणजे सरपंच राजलक्ष्मीच्या घरचं हळदीकुंकू! दारात टेबल, टेबलावर वही. तिचा नवरा रविराज तोंडभर हसून प्रत्येकीला सांगत होता, "सही करा, वाण घ्या." बायकांना वाटलं, कुणाकुणाला वाट्या पोचल्या त्याची यादी असेल. आणि पाणंद जात होती ती रविराजनं पाडलेल्या प्लॉटांच्या मधोमध.

"एका स्टीलच्या वाटीपायी!" कौसल्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांना रविराजचा राग आला, भाऊसाहेबांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"अपील करू," अनिता म्हणाली. "पर त्यात आनखी दोन-तीन महिने जात्याल."

"न्हाय. एक मेला ग्रामसभा हाय. तितंच बगते."

एक मेला झेंडावंदन झालं, सभा बसली. भाऊसाहेबांनी सवयीनं सुरुवात केली, "मागच्या सभांचं इतिवृत्त वाचलं असं समजून..."

"समजू नका, वाचा," कौसल्याबाई उभ्या राहिल्या.

वाचावं लागलं. पाणंदीचा ठराव आला तशी त्यांनी विचारलं, "ह्यो मीच मांडला ना, भाऊसाहेब?"

"हो काकू. तुमची सही आहे."

"मग मीच मागं घेते. लिव्हा."

"तसा नाही घेता येत..."

"का? मी हुते ना त्या सभेला? का न्हवते?"

होत्या म्हणावं तर ठराव जातो, नव्हत्या म्हणावं तर वही खोटी ठरते. भाऊसाहेबांनी रविराजकडं पाहिलं. रविराज पुढं येऊन गोड आवाजात म्हणाला, "काकू, घरी बसून बोलू की आपुन."

"मागच्या येळी घरातच बसून केलंत! आता हितं, समद्यांफुडं."

"पण अनुमोदन कोण देणार?" भाऊसाहेब पुटपुटले.

"मी," मागून छबूबाई उठली. तिचं वांग्याचं रान पाणंदीच्या टोकाला. "माजी बी सही हाय त्या वहीत." मग तिच्या शेजारची उठली, मग तिच्या मागची. रविराज खुर्चीवर जाऊन बसला. राजलक्ष्मीनं मान खाली घातली.

भाऊसाहेबांनी लिहिलं आणि वही पुढं सरकवली. "करा सही."

"अनिता, आदी वाच. मोठ्यानं."

अनितानं वाचलं, "सदर ठरावाचा यथावकाश फेरविचार करण्यात येईल."

"फेरविचार न्हाय. रद्द लिव्हा."

भाऊसाहेबांनी खोडलं, रद्द लिहिलं. अनितानं परत सगळं वाचलं. मग कौसल्याबाईंनी सही केली.

दुसऱ्या दिवशी तार निघाली. टेम्पो सरळ बांधापर्यंत आला. सगळी झाडं धुंडाळून दोन क्रेट भरले.

"एवढंच, काकू?" ड्रायव्हरनं विचारलं.

"एवढंच. बाकीचा पेरू ग्रामपंचायतीनं खाल्ला."