राहिलेली फेरी

“नुसतं बघू नकोस. हात लाव. हात लावल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही.”

पायलट शिकाऊ होता तेव्हापासून वस्ताद त्याला हे सांगत आले होते. वस्ताद म्हणजे त्या छोट्या विमानतळावरचे जुने मेकॅनिक. उड्डाणाआधी दोघं विमानाभोवती फेरी घालत, नाकापासून शेपटीवरून पुन्हा नाकाशी. प्रदक्षिणा घालावी तशी, न बोलता.

आज सकाळी विमानाचे मालक आधीच आत बसून घड्याळ बघत होते.

“वस्ताद, विमान तपासताय की सून पारखताय? तिकडे माणसं खोळंबलीत माझी!”

पायलट हसला. “राहू द्या हो आज. कालच तर घातली फेरी. संध्याकाळी खाईन तुमची बोलणी.”

 वस्ताद चाकांपुढचे ठोकळे काढून बाजूला झाले.

शेपटीची हलती फळी वळली की विमानाचं नाक वर उठतं. काल संध्याकाळी वारा सुटला, तेव्हा ती आपटू नये म्हणून वस्तादांनीच तिच्यात पिन घातली होती. ती काढायची आज त्यांच्याही ध्यानातून गेली. खुणेची लाल पट्टी वाऱ्याने तुटून गेलेली. लांबून काही दिसत नव्हतं. हाताला मात्र पिन लागलीच असती.

विमान धावलं. वेग आला, नाक उठलं नाही. धावपट्टी संपली, कुंपण मोडलं आणि पलीकडच्या खड्ड्यातून धूर वर आला.

पायलट आणि मालक, दोघंही गेले. आग विझल्यावर वस्ताद जवळ गेले. शेपटी तेवढी शाबूत होती. पिनही जागच्या जागी.

“पायलटच्या घरी फोन लावतो,” टॉवरवरचा माणूस हळूच म्हणाला. “इंजिनाने दगा दिला म्हणू. गेलेला काही परत येत नाही. तुमच्या म्हातारपणाचं तरी वाटोळं नको.”

“नको लावूस.”

पहिल्या उड्डाणाच्या दिवशी पोराची आई फाटकाशी येऊन थांबली होती. “भाऊ, काही बरंवाईट झालं तर परक्याच्या तोंडून कळू नये मला. तुम्ही या. आणि खरं असेल ते सांगा.”

“शब्द दिला, वहिनी,” ते म्हणाले होते. ती वेळ येऊ नये, एवढंच तेव्हापासून रोज देवाकडे मागत होते.

शेडमधल्या खुंटीवर वहिनींनी दोघांसाठी दिलेला डबा तसाच होता. तो त्यांनी उतरवला, सायकलला अडकवला.  मग सायकल हातात धरून ते चालतच फाटकाबाहेर पडले.