उजवीकडून दुसरे

विद्यापीठाच्या दप्तरखान्यात पेनाला बंदी होती, पाण्याच्या बाटलीला बंदी होती आणि मोठ्यानं बोलायलाही बंदी होती. उमादेवी अक्कांनी पहिल्या दोन अटी पाळल्या. तिसरीकडं दप्तरखाना सांभाळणाऱ्या प्रशांतकुमारनं कानाडोळा केला, कारण अक्का आल्या नाहीत तर त्याचंच काम अडायचं.

काम असं होतं. कलबुर्गी शहरातली मंडळं, दुकानं, घरं यांच्याकडचे जुने फोटो आणि कागद विद्यापीठानं गोळा करायला घेतले होते. खोकी भरभरून आली, पण फोटोतली माणसं कोण, हे काही खोक्यांना सांगता येईना. मग वर्तमानपत्रात निवेदन दिलं, की शहरातल्या जाणत्यांनी यावं आणि ओळख पटवावी. जाणते आले, चहा प्यायले, विद्यापीठाच्या कारभारावर तासभर बोलले आणि गेले. टिकल्या त्या एकट्या उमादेवी अक्का. वय पंच्याहत्तर. गंज बाजारात चाळीस वर्षं बांगड्यांचं दुकान चालवलेलं, ते आता मुलाच्या हाती. फोटोतल्या बाईचा चेहरा धुरकट असला तरी अक्का नुसतं मनगट बघून सांगायच्या, "ही ब्रह्मपूरची महादेवी. एवढा बारीक हात अख्ख्या गावात दुसरा न्हवता. दोन-दोनच्या मापाची बांगडीबी सैल व्हायची हिला." प्रशांतकुमार शिसपेन्सिलीनं लिहून घ्यायचा आणि नंतर पडताळून बघायचा. अक्का तोवर एकदाही चुकल्या नव्हत्या, आणि हे त्या स्वतःच दर मंगळवारी त्याला ऐकवायच्या.

पण अक्का निव्वळ समाजसेवा करत होत्या असं कुणी समजू नये. त्यांचा स्वतःचा एक शोध होता. अक्का सात महिन्यांच्या असताना त्यांचे वडील मल्लिकार्जुनप्पा तापानं गेले. घरात त्यांचा फोटो नव्हता. आई, म्हणजे अव्वा, म्हणायची, "बापाचंच तोंड घेऊन आलीस." एवढंच. ती जास्त बोलणाऱ्यांतली नव्हती, आणि अक्का विशीत असतानाच तीही गेली.

पुढं १९७४ साली गंजातल्या वाचनालयाला पंचवीस वर्षं झाली. मल्लिकार्जुनप्पा त्या वाचनालयाच्या संस्थापकांपैकी एक. त्या वर्षी स्मरणिका निघाली, तीत एकोणपन्नास सालचा नऊ संस्थापकांचा फोटो छापला आणि खाली 'डावीकडून' म्हणून नऊ नावं. वाचनालयानं मूळ काचेच्या निगेटिव्हवरून एकेकाचा मोठा फोटो करून ज्याच्या त्याच्या घरी पाठवला. अक्कांना त्यांचे अप्पा मिळाले. काचेवर विभूतीची तीन बोटं ओढून त्यांनी फोटो भिंतीला लावला, हार घातला, आणि मग आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

काहीच जुळत नव्हतं. फोटोतल्या माणसाचा चेहरा लांबुडका, गाल बसलेले, नाक चाकूसारखं. अक्कांचं तोंड गोल, नाक बसकं, कान हे एवढे आणि हनुवटीला खळी. पन्नास वर्षं त्या रोज त्या फोटोसमोर उदबत्ती लावत आल्या, सुखदुःख सांगत आल्या, आणि रोज मनात एक सल घेऊन मागं फिरत आल्या. अव्वानं आपली समजूत काढली होती, दुसरं काय! मग आपण दिसतो तरी कुणासारखं? दप्तरखान्यात कुठंतरी अप्पांचा दुसरा एखादा फोटो निघेल, त्यात थोडं तरी आपलं तोंड सापडेल, या आशेवर अक्का मंगळवार-शुक्रवार सिटी बसनं विद्यापीठ गाठत होत्या.

आणि एका शुक्रवारी बंद पडलेल्या त्याच वाचनालयाचा गठ्ठा टेबलावर आला. त्यात एकोणपन्नास सालचा मूळ फोटो होता, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. पुठ्ठ्याच्या खालच्या पट्टीवर काळ्या शाईत नावं, पण उर्दूत. त्या काळी इथं शाळा-कचेरी सगळी उर्दूतच होती. प्रशांतकुमारला कन्नड, मराठी, इंग्रजी येत होतं, उर्दू येत नव्हतं. अक्कांना दखनी उर्दूत भाव करता यायचा, वाचता येत नव्हतं. म्हणून निजामाच्या अमलात पाचवीपर्यंत उर्दूत शिकलेले शिवशंकरप्पा मास्तर यांना गाडी पाठवून बोलावलं. मास्तर अठ्ठ्याऐंशीचे. त्यांनी चष्मा पुसला, खिशातून हात काढून बोट थेट उजव्या टोकाला ठेवलं आणि वाचलं, "गुरुशांतप्पा. त्याच्या बाजूला मल्लिकार्जुनप्पा."

"ओ मास्तर, इकडनं!" अक्का म्हणाल्या. "डावीकडनं वाचा की. माझे अप्पा इकडं हायत, दुसरे."

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "बाई, उर्दू डावीकडनं कवापासून वाचायलेत लोकं?"

प्रशांतकुमारनं स्मरणिका काढून शेजारी ठेवली. मास्तरांनी सगळी वाचून दाखवली त्याच क्रमानं नऊ नावं, आणि वर 'डावीकडून'. कुणीतरी उर्दू वाचून दाखवलं होतं, कुणीतरी मराठीत उतरवून घेतलं होतं, आणि नेहमीच्या सवयीनं वर तो एक शब्द टाकला होता. मधला पाचवा माणूस तेवढा जागेवर राहिला. बाकीचे आठ जण पन्नास वर्षं एकमेकांच्या नावानं उभे होते. ज्यांच्या घरी आपलं माणूस ओळखणारं कुणी होतं, त्यांनी छापखान्याला शिव्या घालून विषय सोडला असणार. अक्कांच्या घरी तसं कुणी उरलंच नव्हतं.

"म्हंजे माझे अप्पा उजवीकडनं दुसरे," अक्का म्हणाल्या आणि टेबलावर वाकल्या. उजवीकडून दुसऱ्या माणसाची शेरवानी होती, गुंड्या होत्या, हातात पुस्तक होतं. गळ्याच्या वर वाळवीनं पुठ्ठ्यासकट सगळं खाल्लं होतं. स्मरणिकेत बघावं तर चेहऱ्याच्या जागी शाईचा डाग. अक्कांचे डोळे भरून आले. एवढ्या जवळ येऊन असं व्हावं, याचा त्यांना रागही आला, पण वाळवीवर रागवून करणार काय?

मग एकाएकी त्यांनी मान वर केली. "तर मग माझ्या भिंतीवर कोन हाय?"

मास्तरांनी बोटानं मोजलं. "किशनराव बिरादार. कोहिनूर गावचे. इथं वकिलाकडं कारकून होते."

"आन् त्येंच्या भिंतीवर?"

प्रशांतकुमार तोवर गठ्ठ्यातली पत्रांची फाईल उलगडत होता. अर्ध्या तासात त्याला एक पोस्टकार्ड सापडलं, कोहिनूरहून किशनरावांच्या मुलानं लिहिलेलं. 'वडिलांचा मोठा फोटो पोचला. जन्मात पहिल्यांदा त्यांना पाहिलं. गावातून वाजत-गाजत आणला.' मुलगा वर्षाचाही नव्हता तेव्हा किशनराव वारले, असंही त्यात होतं. प्रशांतकुमार बसवकल्याणचा, कोहिनूर त्याच्याच तालुक्यातलं. त्यानं दोन फोन केले आणि किशनरावांच्या नातवाचा, श्रीमंतचा, नंबर मिळवून जुन्या फोटोसाठी येतो, एवढंच त्याला कळवलं.

रविवारी प्रशांतकुमारच्या गाडीत अक्का मागं बसल्या. मांडीवर शालीत गुंडाळलेले किशनराव. आळंदचा फाटा मागं पडला तशी त्यांनी शाल जरा बाजूला केली आणि चांगलं खडसावलं. "पन्नास वर्षं माझी गाऱ्हाणी ऐकलीत. सासूची ऐकलीत, नवऱ्याची ऐकलीत. एकदा तर सपनात येऊन सांगायचं की, बाई, मी तुझा कोण न्हवं म्हनून!" प्रशांतकुमारला हसू आवरेना. अक्कांनी त्यालाही सुनावलं, "तू कामून हसायलास? समोर बघून गाडी चालव."

श्रीमंत बिरादार अठ्ठेचाळीसचा, शेती सांभाळणारा, आडदांड गडी. त्यानं अदबीनं दोघांना आत घेतलं. बैठकीत भिंतीवर एक फोटो होता, पण पाठमोरा. नुसती पुठ्ठ्याची पाठ आणि तिच्यावर झेंडूचा हार.

"हे असं उलटं कामून?" अक्कांनी विचारलं.

"रीत हाय आमच्याकडं," श्रीमंत म्हणाला. "आज्याला मटन लय आवडायचं. म्हनून सालातनं एक डाव मटनाचं ताट दावतोत, ते नेमकं आजच हाय. त्या दिवशी फोटोचं तोंड भिंतीकडं करायचं."

"ताट दावायचं आन् तोंड फिरवायचं? ही कसली रीत रं?"

"मलाबी ठाव न्हाई. आज्जीनं घालून दिलेली हाय. आईला इचारा."

आई, कमलबाई, भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं दारात आल्या. या म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. त्यांनी अक्कांचे कान बघितले, नाक बघितलं, हनुवटी बघितली. मग भिंतीला टेकून हळूच खाली बसल्या.

"आलीस व्हय गं माय," त्या म्हणाल्या. "लय दिस लावलास."

श्रीमंत बघतच राहिला. कमलबाई सांगू लागल्या, आणि जे त्यांनी सांगितलं ते त्या घरात आजवर कुणा गड्यामाणसाच्या कानावर गेलं नव्हतं. फोटो आला तेव्हा त्या नव्या सून होत्या. नवरा फोटो छातीशी धरून पोरासारखा रडत होता. सासूबाईंनी एकदा फोटोकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. सगळ्यांना वाटलं, त्याही रडायल्यात. संध्याकाळी चुलीपुढं त्यांनी सुनेला सांगितलं, की हे आपले न्हवंत.

"मी म्हनले, मग सांगा की ह्येंला. तर म्हनल्या, पोरानं बाप बघितला म्हनून गावभर पेढे वाटलेत, त्येला आता काय सांगू? आन् हे बी कुनाच्या तर घरचं मानूस हाय. कपाळाला इभूत दिसायलीय, लिंगायताघरचं हाय. घर चुकून आपल्या दारात आलंय. त्येचं मानूस न्यायला येईस्तोवर नीट ठेवायचं. सन-वार, उदबत्ती समदं करायचं. फकस्त मटनाच्या दिवशी त्येचं तोंड फिरवायचं. पावन्याचा धरम बाटवायचा न्हाई." कमलबाईंनी पिठाच्या हातानंच डोळे पुसले. "सासूबाई गेल्या, हे गेले. मी वाट बघायलते. नाव न्हाई, गाव न्हाई, इचारू कुनाला?"

परक्या घरात, परक्या बाईनं, आपल्या बापाला असं जपलं होतं! त्यांच्या मनात किती वर्षांचं काय काय होतं, ते सगळं त्या एका क्षणात वाहून गेलं आणि नुसता आनंद उरला. त्यांनी कमलबाईंचे पिठाचे हात दोन्ही हातांत घट्ट धरले.

श्रीमंत फोटो काढायला स्टुलावर चढला, तेव्हा कमलबाई म्हणाल्या, "तू पाठमोराच दे. तिला फिरवू दे."

अक्कांनी फ्रेम मांडीवर घेतली आणि सुलटी केली.

सत्तावीस वर्षांचा गोल तोंडाचा गडी होता. बसकं नाक. टोपी कानांवर नीट बसलेली नव्हती, कारण कान तिला बसू देत नव्हते. हनुवटीला खळी. फोटो काढणाऱ्यानं हसू नका म्हणून बजावलेलं असणार, आणि हसू दाबता दाबता खळी आणखी खोल झाली होती. पंच्याहत्तर वर्षांच्या लेकीनं सत्तावीस वर्षांच्या बापाच्या गालावरून बोट फिरवलं. रडू यायच्या आधी अक्कांना हसूच आलं, मोठ्यानं, आणि त्या हसल्या तशी प्रशांतकुमारला दोन्ही तोंडं एकदम दिसली. तो पटकन दुसरीकडं बघायला लागला, कारण त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग किशनराव शालीतून बाहेर निघाले. काचेवर विभूतीचे पट्टे बघून कमलबाई हसून हसून आडव्या झाल्या. "आमच्या मामंजींला इभूत! आन् खायला काय घालायलतीस त्येंला?"

"गव्हाची गोड हुग्गी. शेंगाची होळगी-पोळी. सनाला वरनं तूप."

"पन्नास सालं?"

"तरीच गाल बसलेत बिचाऱ्याचे!" अक्का म्हणाल्या. श्रीमंतनं काच ओल्या फडक्यानं पुसली, आजोबांना खिळ्यावर लावलं, चांगलं समोर तोंड करून, आणि मटणाचं भरलेलं ताट पुढं ठेवलं. अक्कांनी स्वतः हात जोडले. "पोटभर जेवा आता. माझ्या घरी लय हाल झाले तुमचे."

कमलबाईंनी अक्कांसाठी वेगळ्या चुलीवर भाकरी आणि मुगाची डाळ केली. सगळ्यांची जेवणं व्हायची होती, तोवर अक्का अप्पांना घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. आतल्या वासापासून त्यांना जरा लांब न्यावं, हे एक निमित्त. खरं तर बापाबरोबर बसायचं होतं. लिंबाखाली सावली होती. अक्कांनी फोटो गुडघ्यावर टेकवला, तोंड रस्त्याकडं केलं, की त्यांनाही दिसावं कोण जातंय कोण येतंय.

डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली एक बाई चालली होती. परगावची म्हातारी बिरादारांच्या ओट्यावर बसलेली बघून ती थांबली.

"कुनाचा फोटो हाय, मावशी?"

"माझे अप्पा," अक्का म्हणाल्या.

बाईनं फोटो बघितला, अक्कांना बघितलं, भारा सावरला आणि चालायला लागली.

"ते काय सांगायला पायजे व्हय," जाता जाता ती म्हणाली. "दिसायलंय की."