काट्यांना वळसा

"ओ बहनजी! उधर पाँव मत धरिए!"

सुनीतीबाईंनी छत्रीच्या टोकाने बाभळीची एक वाळकी फांदी उचललीच होती. त्या तशाच थबकल्या. गव्हाच्या बांधावरून एक म्हातारी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन तरातरा येत होती. तिने भारा खाली टाकला, त्यांच्या हातातली छत्री ओढून घेतली आणि फांदी होती तशी, काटे वर करून, ठेवून दिली.

"झाड़ी नहीं है ये," ती धापा टाकत म्हणाली. "इहाँ बच्चे सोवत हैं।"

सुनीतीबाईंना समजायला क्षण लागला. मग त्या मागे सरकल्या. पायातल्या चपला कधी काढल्या, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

गोमतीकाठच्या शहरात, निशातगंजातल्या एका कंपनीत त्यांचं काम हेच. वसाहत बांधायची ती जमीन आधी जाऊन बघायची. उतार कुठे, पाणी कुठे साचतं, वारा कुठून येतो, माणसं कुठून जातात येतात, हे सगळं नकाशावर उतरवायचं. मग बाकीच्यांनी त्यावर रस्ते आणि घरं आखायची. उमेदीची सगळी वर्षं यातच गेली. त्यांची एक खोड होती आणि ऑफिसात तिची चेष्टा चालायची. नव्या जागेवर पहिल्या दिवशी त्या मोजणीची फीत काढायच्याच नाहीत. डबा घेऊन दिवसभर नुसत्या बसून राहायच्या. "परक्याच्या घरी गेल्या गेल्या कोणी फडताळं उघडतं का?" असं म्हणायच्या.

बख्शी का तालाब या गावापुढच्या या जागेवर मात्र त्या बसल्या नव्हत्या. घाई होती, गुडघे कुरकुरत होते, आणि ड्रोनने काढलेले फोटो आयते हाताशी होते. फोटोत उंचवट्यावर झुडपं दिसली. त्यांनी टेबलाशी बसूनच पेन्सिलीने लिहून टाकलं, 'झुडपं, काढावीत.' फक्त एक गोष्ट डोळ्यांत खुपत राहिली. गावाकडून सरळ येणारी पायवाट त्या उंचवट्यापाशी उगाच वळसा घेत होती. का, एवढंच विचारायला त्या आज आल्या होत्या.

म्हातारीचं नाव रामकली. तिने सांगितलं, गावात तान्हं मूल गेलं तर त्याला जाळत नाहीत, इथे पुरतात. बाकी शिवार पावसाळ्यात पाण्याखाली जातं, एवढा तुकडा कोरडा राहतो. वर काटे टाकायचे, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

"ईंट-पत्थर कुछ नहीं रखा? नाम?"

"नाम पड़ा ही कहाँ था, जो लिखें?" मग रामकलीने त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीतली फीत बघितली आणि तोंड वाकडं केलं. "नापने सब आते हैं। पूछने कोई नहीं आता।"

"मैं तो पूछने ही आई थी।"

"हाँ, काँटा हटाकर पूछतीं!"

वरून वायुदलाचं विमान आवाज करत गेलं. बाईंनी चपला उचलल्या. निघताना रामकलीने त्यांचा फोन नंबर मागून घेतला.

ऑफिसात त्यांनी 'झुडपं' खोडलं, त्या कोपऱ्याला लाल गोल केला आणि लिहिलं, 'तान्ही मुलं पुरण्याची जागा. हात लावू नये.'

नकाशा बघून यशोधन त्यांच्या टेबलाशी आला. तो तिथला मुख्य. आलमबागेत त्यांच्या शेजारी वाढलेला, गणपतीत त्यांच्या हातचे मोदक मोजूनमापून नव्हे तर पळवून खाल्लेला. ऑफिसात तो त्यांना मॅडम म्हणायचा, आणि अडलं की मावशी.

"मावशी, हे काय काढलंय? बरोब्बर क्लब-हाउसच्या जागेवर?"

"उंच जागा तुम्हालाही आवडली, त्यांनाही आवडली. ते आधी आले."

"यार मावशी! कागदावर ती परती जमीन आहे, पडीक. सगळं क्लिअर आहे."

"कागदावर सगळं असतं तर मला कशाला पाठवलंस?"

"क्लायंटने हे वाचलं तर तो उठून जाईल. कौन प्लॉट लेगा वहाँ? नुसतं 'ग्रीन एरिया' लिहा ना. कोणी हात नाही लावणार."

"ग्रीन एरिया लिहिलं की वर्षभरात तिथे कारंजं उडायला लागतं. मला शिकवतोस?"

यशोधनचा आवाज उतरला. "तुमची निवृत्ती तोंडावर आलीय. नकाशावर दुसऱ्या कोणाची सहीही चालते, मावशी."

"घे की दुसऱ्याची. पण त्याला एक दिवस तिथे नेऊन बसव. मी बसले नाही, तर मीच त्यांना झुडपं म्हटलं."

घरी पूर्वाने, त्यांच्या लेकीने, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, रहने दो ना। नौकरी जाएगी। तुम्हारा कौन है वहाँ?"

"कोणी नाही," सुनीतीबाई पोळी उलटत म्हणाल्या.

पूर्वाच्या आधीची एक मुलगी होती. बारशाआधीच गेली. नवरा, भास्करराव, रेल्वेत नव्याने बदलून आलेले, गावात ओळख ना पाळख. शेजाऱ्यांनी बाळाला आणि त्यांना गोमतीच्या काठी नेलं; बाईंना नेलं नाही. पुढे बाईंनी नवऱ्याकडून पुरल्याची जागा समजून घेतली होती. एक उंबर, त्याच्या खालच्या अंगाला. आता तिथे उंबर नाही. दगडी पायऱ्या आहेत, दिव्यांचे खांब आहेत, संध्याकाळी पोरं आईस्क्रीम खात बसतात. पुलावरून जाताना त्या रोज डावीकडे बघतात आणि रोज जागा चुकतात. बांधण्याआधी त्या काठाचीही कोणीतरी पाहणी केलीच असेल. चांगला हुशार माणूस असेल. झुडपं दिसली असतील त्याला.

"पोळी जल गई, आई," पूर्वा म्हणाली.

बैठकीच्या दिवशी भिंतीवर नवा नकाशा लागला. त्यावर लाल गोल नव्हता. यशोधन बोलत होता आणि क्लायंट त्रिवेदीजी मान हलवत होते. क्लब-हाउसपाशी आल्यावर सुनीतीबाई उठल्या. पर्समधून लाल स्केचपेन काढून त्यांनी त्या कोऱ्या कोपऱ्यावर ठसठशीत गोल काढला.

"मॅडम!" यशोधन ओरडला.

"ये क्या है?" त्रिवेदीजींनी विचारलं.

"बच्चे हैं।"

त्रिवेदीजींनी आधी यशोधनकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "इसको हटवाइए," ते म्हणाले आणि चहा न घेता गेले.

"उद्यापासून येऊ नका," यशोधन म्हणाला. त्याला वर बघवत नव्हतं. "तुम्ही मला कुठलाच ठेवला नाहीत, मावशी."

"आत्ता मावशी म्हणू नकोस. मॅडमच म्हण," त्या म्हणाल्या आणि कपाटाची किल्ली त्याच्यासमोर ठेवली. स्केचपेन मात्र बरोबर नेला. तो त्यांचा होता.

गहू कापून झाला आणि एका सकाळी रामकलीचा फोन आला. "बहिनी, सफेद लकीर डाल रहे हैं।"

सुनीतीबाईंनी डबा भरला, छत्री घेतली. पोचल्या तेव्हा चुन्याच्या फक्कीची रेघ शेत कापत सरळ सुतात आली होती आणि उंचवट्याच्या अलीकडे फक्कीवाला बिडी ओढत टेकला होता. पलीकडच्या खुंटीला बांधलेली दोरी काट्यांवरूनच ताणलेली होती. बाईंनी चपला काढल्या, दोरीखाली जमीन चाचपली आणि काट्यांपुढे फतकल मारून बसल्या.

"अम्मा, लाइन में बैठी हैं आप," फक्कीवाला म्हणाला.

"मालूम है। लाइन देखने का ही काम है मेरा।"

"कब तक बैठेंगी?"

"पहला दिन है। पहले दिन मैं सिर्फ बैठती हूँ।"

रामकली आली, शेजारी टेकली. तिच्यामागून बायका आल्या, कोणी विळा घेऊन, कोणी लेकरू कडेवर घेऊन. कोणी घोषणा दिली नाही. फक्कीवाल्याने फोन लावला, बराच वेळ कानाशी धरला, खिशात घातला. मग घमेलं उचलून तो पलीकडच्या खुंटीकडे निघाला. सगळे जातात तसाच तोही पायवाटेने निघाला, काट्यांना वळसा घालून. घमेलं फुटकं होतं. त्याच्यामागे जमिनीवर बारीक पांढरी धार सांडत गेली.

सुनीतीबाई त्या धारेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डबा उघडला आणि रामकलीच्या पुढ्यात सरकवला.

"ठीक से बैठो, बहिनी," रामकली पोळी मोडत म्हणाली. "दिन बड़ा है।"