न मारलेल्या हाकेला ओ

रविवारी सकाळी त्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नसे. हॉल कसला, बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा वरचा मजला. पण आता तिथे ओळीने खुर्च्या होत्या, छताला चार पंखे घरघरत होते, समोर भिंतभर पडदा होता आणि पडद्यावर गाय होती. हिरव्यागार कुरणात, सातासमुद्रांपलीकडे, या क्षणाला चरत असलेली गाय.

एकेकाचं नाव पुकारलं जाई. ज्याची पाळी त्याने पडद्यासमोरच्या पिवळ्या पट्टीवर उभं राहायचं, घसा साफ करायचा आणि आपल्या गायीला हाक मारायची. निवृत्त पोस्टमास्तरीणबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चांदणे, ए चांदणे." चरणाऱ्या गायीने मान वर केली आणि सरळ बाईंच्या डोळ्यांत बघितलं. हॉलभर एक लांब सुस्कारा पसरला. बाईंनी पदराला डोळे पुसले.

"ओळखलं हो मला," त्या म्हणाल्या. एवढ्या लांबून गायीने ओळखलं. त्यांच्या जावयाला मात्र त्या दारात उभ्या असल्या तरी ओळखू येत नसत.

हे सगळं घडवून आणणाऱ्या गृहस्थाला लोक दूधसाहेब म्हणत. सूट पांढराशुभ्र, बूट पांढरे, आवाज सायीसारखा. स्वतः मात्र कोरा चहा घेत. दूध पचत नाही म्हणे.

"गाय तुमची, गवत तिकडचं, दूध जगाचं आणि नफा परत तुमचा," दूधसाहेब सांगत. "तुम्ही इथे घोरत पडा, ती तिथे चरतेय. तुम्ही दात घासायला उठाल तोवर तिचं दूध काढून झालेलं असेल. आता कुणी विचारेल, साहेब, आजारपणाचं काय? अहो, तिकडे माशीच नाही. माशी नाही म्हणून रोग नाही, रोग नाही म्हणून डॉक्टर नाही, आणि डॉक्टरच नाही तर मरायचं कुणाच्या हातून? आमच्याकडे आजवर एक गाय मेलेली नाही."

लोक हसले. मागून दुसऱ्या रांगेत बसलेले शिंपीमास्तर तेवढे हसले नाहीत. त्या शेवटच्या वाक्याला त्यांनी मान वर केली होती, जवळजवळ गायीसारखीच.

मास्तरांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. माणूस रडला असता तर शेजाऱ्यांना बरं वाटलं असतं. पण मास्तर रडलेही नाहीत. ते नुसते थिजून गेले. चहात साखर आहे की मीठ हे त्यांना कळेनासं झालं. बोटात सुई गेलेली त्यांना समजे ती समोरच्या पांढऱ्या कॉलरवर लाल ठिपका दिसला की. एकदा तर त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला तीन बाह्या कापल्या, आणि ते गिऱ्हाईक इतकं भिडस्त, की तिसरीचं काय करायचं एवढंच विचारून गेलं.

दुकानात दोन यंत्रं समोरासमोर होती. एकावर मास्तर, दुसऱ्यावर बायको. वर्षानुवर्षं दोन्ही यंत्रं एकदम खडखडत असत, आणि त्या खडखडाटात ओरडून बोलायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत घसा बसायचा. म्हणून दोघांनी आवाज सोडून दिला होता. नुसते ओठ हलायचे. "अगं, काळा दोरा दे." "अगं, गिऱ्हाईक आलंय." "अगं, भात करपतोय का बघ." सगळं बिनआवाजी. ती मान वर करायची, वाचायची आणि पुन्हा खाली घालायची. पहिल्या हाकेला मात्र कधी बघायची नाही. दुसरीलासुद्धा क्वचितच. भांडणंदेखील अशीच व्हायची, आणि बाहेरच्याला वाटायचं, काय गुणी जोडपं आहे, दिवसभरात चकार शब्द नाही.

शेजारचे औषधवाले मास्तरांना पहिल्यांदा त्या हॉलमध्ये घेऊन आले. औषधवाल्यांच्या स्वतःच्या दोन गायी तिकडे होत्या. "मन रमेल हो तुमचं," ते म्हणाले. मास्तरांनी एक गाय घेतली. कागद भरणाऱ्या मुलीने विचारलं, गायीचं नाव काय ठेवायचं? मास्तर म्हणाले, "अगं."

"अगं काय?"

"अगं एवढंच. मी तेच म्हणायचो."

मुलीने लिहून घेतलं. त्या कळपात राणी होती, हिरकणी होती, आता 'अगं'ही आली.

त्यानंतरच्या रविवारी मास्तरांची पहिलीच पाळी होती. ते पिवळ्या पट्टीवर जाऊन उभे राहिले. पंखे घरघरत होते. पडद्यावर तांबूस रंगाची गाय खाली मान घालून चरत होती. मास्तरांनी तोंड उघडलं, ओठ हलले. आवाज निघाला नाही. सवयीनेच निघाला नाही. त्या शब्दाला आवाज लावायचा असतो हे ते विसरूनच गेले होते.

आणि गायीने मान वर केली.

औषधवाले उठून उभे राहिले. "बोलले नाहीत हो मास्तर," ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "मी इथे अगदी पुढ्यातच बसलोय, एक अक्षर बोलले नाहीत. तिने मनातली हाक ऐकली."

दूधसाहेबांनी एका निमिषात डाव साधला. "मंडळी, मी कधी सांगितलं नव्हतं. तुमचा विश्वास बसला नसता म्हणून. काही गायी काळीज ऐकतात." मग मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "मास्तर, हिला एकटी ठेवू नका. कळप करा. दुकानाचे कागद पुढच्या रविवारी घेऊन या, बाकीचं मी बघतो."

मास्तरांनी मान हलवली. ओठांवरचं वाचणारं या जगात एकच माणूस होतं, आणि ते गेलं होतं. आता तिकडे कुरणात कुणीतरी वाचत होतं. त्यापुढे दुकान म्हणजे काय, चार भिंती आणि चिंध्या.

बातमी मास्तरांच्या थोरल्या बहिणीपर्यंत पोचली, आणि बहिणीने आपली मुलगी धाडली. ही भाची जनावरांची डॉक्टर. पायात गमबूट, हाताला फिनाईलचा वास, आणि तोंडाने फटकळ. ती आली तेव्हा मास्तर कपाटातून दुकानाचे कागद काढून यंत्रावर ठेवत होते.

"मामा, तुमची गाय व्याली कधी?" तिने बूट काढायच्या आधी विचारलं.

"व्याली? नाही बुवा. दूध देते ती. रोज देते, एवढं माहीत आहे."

"न विता दूध देते. ती गाय आहे की नळ?"

शहरातल्या माणसाला दूध पिशवीतून येतं एवढं ठाऊक असतं, वासराशी त्याचा संबंध असतो हे विचारायचं कुणाला सुचणार?

"मी रोज गायीच बघते," भाची बसत म्हणाली. "चांगल्यातल्या चांगल्या गोठ्यात कासेला सूज येते. पाय लचकतो. वासरू अडतं, रात्रीतून गाय जाते. मालक डोळ्यांत तेल घालून उभा असतो तरी जाते. आणि हे सगळं टळलं तरी दुधाचा भाव पडतो, चारा महागतो, तिकडचा पैसा इकडे आणताना निम्मा होतो. परदेशातल्या गुरांत पैसे घालणारे सगळेच फसतात असं मी म्हणत नाही. पण खरा धंदेवाला आधी हे सांगतो. गाय कुणाच्या नावावर, मेली तर नुकसान कुणाचं, बघायला कधी येऊ, याला त्याच्याकडे उत्तर असतं. तुमच्या साहेबांनी काय सांगितलं?"

"तिकडे कुणी मरत नाही म्हणाले."

मामांनी हे वाक्य ज्या आवाजात म्हटलं, त्यावर फटकळपणा करणं भाचीच्याही जिवावर आलं.

"तिने ऐकलं माझं," मास्तर म्हणाले. "मी ओठ नुसते हलवले होते. आम्ही दोघं बोलायचो तसे."

"आवाज अजिबात नव्हता?"

"अजिबात."

"मग मामा, तिने ऐकलं काय?"

मास्तरांनी दिवा घालवला आणि ते झोपले. पण दुसऱ्या दिवशी काज करताना त्यांचा हात मध्येच थांबला, आणि ते स्वतःशीच म्हणाले, "आणि पहिल्याच हाकेला."

रविवारी हॉल नेहमीपेक्षा जास्त भरला होता. काळीज ऐकणारी गाय बघायला गावभरची माणसं लोटली होती. दूधसाहेबांनी टेबलावर पेन उघडून ठेवलं होतं. मास्तर कागदांची पिशवी काखेत घेऊन पिवळ्या पट्टीवर उभे राहिले. भाची शेजारी.

"साहेब, सही करायच्या आधी मामांना गायीशी चार शब्द बोलायचेत," ती म्हणाली.

"बोला की. तुमचीच गाय."

मास्तरांनी पडद्याकडे पाठ केली आणि हाक मारली. वर्षभरात इतका आवाज त्यांनी काढला नव्हता. "अगं..." खुर्च्या दचकल्या. गाय चरत राहिली.

"पाठमोऱ्याला नाही ओळखत," दूधसाहेब म्हणाले.

मास्तर वळले, तोंडावर हातरुमाल धरला आणि पुन्हा हाक मारली. गायीचं लक्ष गवतात. मग त्यांनी रुमाल काढला आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले. गायीने लगेच मान वर केली.

"म्हणजे ठार बहिरी आहे," भाची म्हणाली, "पण ओठ वाचते. औषधवाले काका, तुम्ही या जरा. बोलू नका, फक्त जांभई द्या."

औषधवाल्यांनी बिचकत जांभई दिली. ती जांभई खरीच आली असावी, चांगली लांबलचक होती. मास्तरांच्या गायीने मान वर करून औषधवाल्यांकडे प्रेमाने बघितलं. पोस्टमास्तरीणबाईंनी पर्समधून बिस्किट काढलं, पट्टीवर उभ्या राहिल्या आणि शांतपणे चावू लागल्या. मग काय विचारता, गाय मान वर करी, खाली घाली, वर करी, खाली घाली. बिस्किट संपेपर्यंत बिचारीला एक घास गवत मिळालं नाही.

कुणीतरी हसलं. मग हसू थांबलं.

"नेटवर्क," दूधसाहेब म्हणाले. "समुद्राखालची तार आहे, मधूनमधून असं होतं."

भाची तोवर पडद्याच्या कडेच्या दारापाशी पोचली होती. तिने दार उघडलं. आत एका बोळकांडीत एक पोरगेला माणूस बसला होता, कानाला मोठे हेडफोन, त्यातून गाण्याचा ठेका बाहेरपर्यंत ऐकू येत होता. समोर एका पडद्यावर हॉल दिसत होता: पिवळी पट्टी, तिच्यावर बाई, बाईंच्या ओठांवर बिस्किटाचा चुरा. दुसऱ्या पडद्यावर गाय. त्याचं बोट एका बटणावर होतं.

त्याने हेडफोन काढले. एवढे चेहरे बघून तो घाबरला नाही, उलट सुटल्यासारखा दिसला. "मला एवढंच सांगितलंय," तो म्हणाला, "तोंड उघडलं की दाबायचं. पंख्यांच्या आवाजात इथे काही ऐकू येत नाही."

"आणि गाय?"

"गाय एकच आहे. विकत मिळते अशी फिल्म. एक तुकडा चरण्याचा, एक मान वर करण्याचा. रंग बदलतो मी. कधी आरशातल्यासारखी उलटी करतो." त्याने बाईंकडे बघितलं. "चांदणीचा टिळा मीच काढलाय."

पोस्टमास्तरीणबाई खाली बसल्या.

दरमहा दुधाचे म्हणून जे पैसे येत, ते पुढच्या रविवारी नव्याने गाय घेणाऱ्याचेच असत, हेही त्याने सांगितलं. विचारलं तेवढं सगळं सांगितलं. दरम्यान दूधसाहेब "तंत्रज्ञ घेऊन येतो" म्हणून जिना उतरले. पेन तसंच उघडं राहिलं. पुष्कळ लोक त्यांची वाट बघत बसले होते. औषधवाले तर दुपारपर्यंत बसले. "बटण असेल," ते म्हणत होते, "पण म्हणून तिकडे गायी नसतीलच असं कुठे आहे?"

भाचीने त्यांना हाताला धरून उठवलं आणि सगळ्यांसोबत तक्रार द्यायला नेलं.

मास्तर पिशवी घेऊन दुकानात परतले. दुकान वाचलं होतं. त्याचा आनंद व्हायला हवा हे त्यांना कळत होतं. पण तो कुठे ठेवलाय हे आठवत नव्हतं. कागद कपाटात ठेवले, यंत्रावर बसले. समोरचं यंत्र बंद होतं. मास्तरांनी पाय थांबवला, आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "अगं."

कुणी मान वर केली नाही. मास्तर थोडा वेळ थांबले. दुसऱ्यांदा म्हणाले. मग त्यांनी सुईत काळा दोरा स्वतःच ओवला.

त्यानंतर त्या दुकानात माप द्यायला गेलेल्या प्रत्येकाला, छातीभोवती टेप गुंडाळलेली असताना, म्हणजे पळून जाता येत नाही अशा वेळी, मास्तर एक गोष्ट सांगत. कापड घेताना तुम्ही चिमटीत धरून बघता, उजेडात नेता, धुतल्यावर आटेल का विचारता. दुकानदार म्हणाला की हे कधी आटत नाही, विटत नाही, फाटत नाही, तर हसून पुढच्या दुकानात जाता. मग जन्मभराची कमाई देताना तेवढंच विचारा. हाताला लागतं का, कुणाच्या नावावर आहे, बिघडलं तर काय. आणि कुणी सांगितलं की आमच्याकडे कधी कुणी मरत नाही, तर समजा, त्याच्याकडे जिवंतही काही नाही.

"श्वास घ्या आता," असं म्हणून ते टेप सोडत.