पंख्याचं तोंड

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मानवतमध्ये पारा चव्वेचाळीसच्या वर गेला आणि त्याच आठवड्यात गल्लीला वीज देणारी डीपी जळाली.

राजेश्री पंचायत समितीत लिपिक होती. घरात ती आणि सासरे दत्तराव, दोघंच. नवरा श्रीराम नांदेडला नोकरीला. पंधरा दिवसांनी यायचा. दोन वर्षांपूर्वी दत्तरावांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दिवसभर छताकडं बघून माणूस खचेल, म्हणून श्रीरामनंच एका रविवारी काचेची टाकी आणली, आठ गोल्डफिश सोडले, पंप लावून दिला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. तेव्हापासून सासरेही राजेश्रीचे आणि मासेही राजेश्रीचे.

मासे आल्यापासून मामा निवले होते, हे मात्र खरं. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. ते दिवाणावर उशीला टेकून तासन्‌तास टाकीकडं बघत बसत. कुठला मासा आज खात नाही, कुठला कुणाच्या मागं लागतो, सगळं त्यांना ठाऊक असे.

उन्हाळा लागला तसं राजेश्रीनं टाकीचं झाकण काढून ठेवलं. आतला दिवा बंद केला, माशांचं खाणं एका वेळेवर आणलं. सकाळी फ्रिजमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली टाकीत सोडायची, दुपारी घरी येऊन दुसरी. मामांना भरवायचं, कुशीवर वळवायचं, बाटली बदलायची आणि त्याच पावली ऑफिस. संध्याकाळी चप्पल काढताना तिला वाकवत नसे.

डीपी गेली आणि फ्रिज बंद पडला. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी. टाकीचा पंप आणि एक टेबलफॅन, एवढाच भार ती ओढायची. फॅन तिनं मामांकडं तोंड करून स्टुलावर ठेवला. बाजारातला बर्फ सकाळीच संपायचा. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला निघाली तेव्हा मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडमीट करत होते. तिनं पाहिलं, आणि उशीर झाला होता म्हणून निघून गेली.

दुपारी दार उघडलं तर फॅनचं तोंड टाकीकडं. पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. मामा घामानं निथळत होते, ओठ कोरडे पडले होते, काठी डाव्या हातातून खाली लोंबत होती. काठीच्या मुठीनं त्यांनी स्टूल ओढून फिरवलं होतं.

"मामा! हे काय केलंत तुमी?"

"त्ये... वर येऊन... तोंड उघडायलेत."

"आन तुमाला काही झालं असतं म्हणजे? मी कुणाकुणाला बघू? तुमाला बघू का माशांला?"

मामांनी ओठांवरून जीभ फिरवली. "मला गरम व्हायलंय हे मला सांगता येतंय. त्यांला न्हाई येत."

"मग सांगायचं की! कुणाला सांगणार होतात? घरात होतं कोण?"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते ऐकू गेलं. ती तिथंच फरशीवर बसली. मग उठली, फॅन फिरवला, मामांना पाणी पाजलं, ओल्या फडक्यानं छाती पुसली. टाकीत एक मासा आडवा तरंगत होता.

"मामा, एक गेला."

"दोन. एक टाकीतल्या झाडामागं हाय. सकाळीच गेला."

तिनं श्रीरामला फोन लावला. "बर्फ आण की कुठून तरी," तो म्हणाला. तिनं फोन ठेवला, मग साहेबांना फोन करून अर्ध्या दिवसाची रजा सांगितली.

"मामा, मासे सरजाबाईंच्या हौदात नेऊन सोडते. इथं एकबी राहणार न्हाई. दोघांला पुरेल असा पंखा न्हाई माझ्यापाशी."

मामांनी काठी दिवाणाला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "ने."

सरजाबाईंचं घर मागच्या गल्लीत. आवारात लिंबाखाली म्हशींचा जुना दगडी हौद. म्हशी विकल्या, तरी बाई तो पक्ष्यांसाठी भरून ठेवत. हौदाचं पाणी गार होतं. राजेश्रीनं माशांची बादली आधी नुसती हौदात तरंगत ठेवली, मग थोडं थोडं पाणी आत घेतलं आणि शेवटी बादली कलती केली. सहाही मासे सळसळत तळाला गेले.

"मासे बरे हायेत," सरजाबाई म्हणाल्या. "तू बस जरा. तोंड बघ कसं उतरलंय."

"बसून कसं चालंल? मामा एकटे हायेत."

"रोज दुपारी एकटेच असतेत का?"

राजेश्रीनं मान हलवली.

"आन मी हितं भिंतीसंगं बोलत बसते. दोन वर्सं झाली, एकदा तरी म्हणलीस का, येऊन बसा म्हणून?"

सरजाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, दाराला कडी घातली आणि तिच्या आधी चालू लागल्या. त्या दिवसापासून दुपारी मामांजवळ त्या बसू लागल्या. मामांचं जड बोलणं त्यांना निम्मंच कळे, पण पाणी वेळेवर मिळे.

चौथ्या दिवशी नवी डीपी बसली. रविवारी श्रीराम आला, रिकामी टाकी बघून म्हणाला, "मासे आणतो परत. आता लाईट आलीय."

"नको," मामा म्हणाले.

"का? तुम्हाला करमायचं न्हाई."

"न्हाई करमत." मामा थांबले, जड जिभेनं एकेक शब्द लावत गेले. "पर तिचं... एक काम... कमी झालंय. ऱ्हाऊ दे."

श्रीरामनं बायकोकडं पाहिलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. थोड्या वेळानं त्यानं टाकी उचलून अंगणात नेली, घासली, पुसली आणि माळ्यावर ठेवली. मग, कुणी न सांगता, मामांना जेवू घालायला बसला. अर्धी पेज त्यानं त्यांच्या सदऱ्यावर सांडली.

राजेश्री आतल्या खोलीत आडवी झाली. घटकाभर पडते म्हणाली होती, पण उन्हं भिंतीवरून उतरेपर्यंत तिला जाग आली नाही, आणि कुणी उठवलंही नाही.